घरगुती सर्व्हरसाठी हार्ड डिस्कच्या विभाजनाचे नियोजन : प्राध्यापक-संशोधकांच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्राध्यापकाजवळ साठणारी माहिती आज केवळ कागदावर राहिलेली नाही. क्षेत्रीय अभ्यासातील मुलाखतींची ध्वनिमुद्रणे, हस्तलिखितांची व जुन्या नियतकालिकांची स्कॅन केलेली पृष्ठे, विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध, मूल्यांकनाच्या अहवालांसाठी जमविलेली कागदपत्रे अशी सामग्री लॅपटॉप, पेन ड्राइव्ह आणि भ्रमणध्वनी यांत विखुरलेली असते. घरातील एखादा जुना डेस्कटॉप संगणक सतत चालू ठेवून त्याचा सर्व्हर म्हणून उपयोग केल्यास ही सर्व सामग्री एका ठिकाणी आणता येते. त्यासाठी लागणारी लिनक्स ही संगणक प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिची उभारणीही आता फारशी अवघड राहिलेली नाही. मात्र उभारणी करताना अगदी आरंभी एक प्रश्न विचारला जातो : हार्ड डिस्कची विभागणी कशी करावयाची? बहुतेक जण या ठिकाणी समोर आलेला पर्याय तसाच स्वीकारून पुढे जातात. वास्तविक पाहता संपूर्ण उभारणीत नंतर बदलण्यास सर्वांत कठीण असा निर्णय हाच होय.

प्रस्तुत लेखात या निर्णयामागील विचारांची मांडणी केली आहे. उदाहरणादाखल एक प्रत्यक्ष व्यवस्था घेतली आहे : आठ जीबी रॅम असलेला जुना डेस्कटॉप, त्यात २४० जीबीची एसएसडी, ४ टीबीची एक हार्ड डिस्क आणि डेबियन ही लिनक्सची आवृत्ती. लेखक भाषेचा अध्यापक आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. त्यामुळे विवेचनाचा रोख यंत्रापेक्षा संग्रहाकडे अधिक आहे.

‘सी’, ‘डी’, ‘ई’ : एका सवयीचा इतिहास

आपल्याकडे असेम्बल करून घेतलेल्या संगणकात ‘सी’, ‘डी’, ‘ई’ आणि कधी ‘एफ’ असे जवळपास सारख्या आकाराचे ड्राइव्ह करून देण्याची रीत होती. ८० जीबीची डिस्क असली की २० जीबीचे चार भाग, असा सरळ हिशेब असे. या रीतीचे मूळ सोयीत नसून सक्तीत आहे. डॉसच्या आरंभीच्या आवृत्त्यांत एका भागाची मर्यादा ३२ एमबी होती. पुढे ती वाढली तरी फॅट-१६ या पद्धतीत एक भाग २ जीबीपेक्षा मोठा करता येत नसे. शिवाय भाग जितका मोठा, तितका जागेचा सर्वांत लहान तुकडाही मोठा होई. २ जीबीच्या भागात चार ओळींचे पत्रसुद्धा ३२ केबी जागा अडवी. डिस्कचे तुकडे करणे त्यामुळे भागच होते. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट-३२ आले आणि ही सक्ती संपली. सवय मात्र राहिली. ‘सी’ मध्ये विंडोज आणि ‘डी’ मध्ये आपले काम, हे सूत्र आपण सर्वांनी पाठ करून ठेवले.

हे सूत्र चुकीचे नव्हते. ते अपुरे होते. २००६ मध्ये प्रस्तुत लेखकाच्या घरचा संगणक व्हायरसमुळे सुरू होईना. दुरुस्तीसाठी आलेल्या तरुणाने रीतसर विचारले, “सर, डेटा सगळा ‘डी’ मध्येच आहे ना?” लेखकाने खात्रीने होकार दिला. ‘सी’ फॉरमॅट झाला. जात्यावरच्या ओव्यांची चौदा ध्वनिमुद्रणे मात्र हाताशी असावीत म्हणून डेस्कटॉपवर ठेवलेली होती. आणि डेस्कटॉप म्हणून पडद्यावर जे दिसते ते प्रत्यक्षात ‘सी’ च्याच पोटात असते. त्यातील दोन गायिका तोपर्यंत निवर्तल्या होत्या. त्या तरुणाचा यात काडीमात्र दोष नाही. सीमा आखली होती, परंतु माहिती प्रत्यक्षात सीमेच्या कोणत्या बाजूस पडते, हे तिच्या मालकालाच ठाऊक नव्हते. पुढील सर्व विचाराची सुरुवात लेखकापुरती या प्रसंगातून झाली.

विभाजन काय साधते आणि काय साधत नाही

पार्टिशन म्हणजे एकाच डिस्कवर आखलेली सीमारेषा. या रेषेमुळे दोन गोष्टी साध्य होतात. एक, संगणक प्रणाली पुन्हा नव्याने घालावयाची झाल्यास एक भाग पुसून दुसरा जसाच्या तसा ठेवता येतो. दोन, एका भागातील माहिती बेसुमार वाढली तरी ती दुसऱ्या भागाची जागा खात नाही. याखेरीज प्रत्येक भागास स्वतंत्र नियम लावता येतात, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

तिसरी गोष्ट, जी पुष्कळांना साध्य झाल्यासारखी वाटते, ती म्हणजे डिस्क बिघडण्यापासून संरक्षण. ते विभाजनाने मिळत नाही. ‘सी’ आणि ‘डी’ ही एकाच घरातील दोन दालने आहेत. घरच पडले तर दोन्ही जातात. एका भागातील फाइल दुसऱ्या भागात नक्कल करून ठेवणे म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली त्याच तिजोरीत ठेवण्यासारखे आहे. दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिणारी रेड ही पद्धतीसुद्धा याबाबतीत फसवी ठरू शकते. पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या या कल्पनेमुळे एक डिस्क गेली तरी काम चालू राहते हे खरे. परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. म्हणून महत्त्वाच्या संग्रहाची प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि शक्यतो वेगळ्या छपराखाली, असणे अनिवार्य आहे.

माहितीचा स्वभाव पाहून वाटणी

मग सीमा कोठे आखाव्यात? समान वाटणी हे तत्त्व भावांच्या बाबतीत न्याय्य असेल. माहितीच्या बाबतीत ते निरुपयोगी आहे. प्रत्येक प्रकारच्या माहितीला तीन प्रश्न विचारावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ही माहिती नष्ट झाली तर पुन्हा मिळविता येईल काय? ती कोणाच्या हाताने वाढते, माणसाच्या की यंत्राच्या? आणि तिची वाढ कोठे थांबते? ज्यांची उत्तरे सारखी ती माहिती एकत्र ठेवावी, ज्यांची भिन्न ती वेगळी करावी.

संगणक प्रणाली स्वतः पुन्हा मिळविता येते आणि फारशी वाढत नाही. लिनक्समध्ये तिचा भाग ‘रूट’ या नावाने ओळखला जातो. बाकीचे सर्व भाग या मुळाला फांद्यांसारखे जोडले जातात. अशा जोडण्यास ‘माउंट’ करणे म्हणतात. त्यातील ‘व्हार’ या फांदीत यंत्राच्या हाताने वाढणारी सामग्री असते : कामकाजाच्या नोंदी म्हणजे लॉग, डेटाबेसच्या फाइली, उतरवून घेतलेली सॉफ्टवेअर. ‘होम’ मध्ये घरातील वापरकर्त्यांच्या फाइली, आणि ‘एसआरव्ही’ मध्ये सर्व्हरने इतरांस पुरवावयाची सामग्री, म्हणजे आपला संग्रह. ही नावे फाइल प्रणालीच्या रचनेसंबंधी जो प्रमाणित संकेत आहे, त्यातील आहेत.

या रचनेतील सर्वच सीमा आज अर्थपूर्ण आहेत असे नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत यूनिक्स विकसित होत असताना पहिल्या डिस्कवर जागा पुरेना, म्हणून प्रणालीचा काही भाग ‘यूएसआर’ या दुसऱ्या डिस्कवरील फांदीत ढकलण्यात आला. ती अडचण केव्हाच संपली. पण दोन जागी ठेवलेले प्रोग्राम पुढे कित्येक दशके तसेच राहिले. डेबियनने २०२३ मधील आपल्या बाराव्या आवृत्तीपासून ते एकत्र करणे आवश्यक ठरविले. ‘यूएसआर’ साठी स्वतंत्र भाग करावा असा सल्ला जुन्या पुस्तकांत आढळतो, तो आता पाळण्याचे कारण नाही.

‘व्हार’ वेगळा ठेवण्याचा सल्ला मात्र जुना असूनही खरा आहे. लेखकाच्या पहिल्या सर्व्हरवर सर्व काही एकाच भागात होते. स्कॅनरशी संबंधित एका प्रोग्रामला यंत्र सापडेना, आणि तो दर सेकंदास तीच तक्रार आपल्या लॉगमध्ये लिहीत राहिला. काही दिवसांत त्या एका फाइलने संपूर्ण डिस्क भरून टाकली. त्याच डिस्कवर हस्तलिखितांच्या सूचीचा डेटाबेस होता; त्याला नवी नोंद लिहिण्यास जागा उरली नाही. सूची भरणाऱ्या विद्यार्थिनीला पडद्यावर इंग्रजीत काही सूचना येत होती, तिने ती दुर्लक्षिली आणि तीन दिवसांचे काम वाया गेले. डेबियनमधील प्रणालीचा मुख्य जर्नल सामान्यतः त्या भागाच्या दहा टक्के अथवा ४ जीबी, यांपैकी जे कमी असेल तेथे स्वतःला आवरतो. परंतु जे प्रोग्राम आपला लॉग आपणच लिहितात त्यांना हा लगाम नसतो. या अनुभवानंतर लेखकाने ‘व्हार’ वेगळा केला, आणि त्यातही डेटाबेससाठी आणखी एक छोटा भाग काढला.

प्रत्यक्ष आराखडा

प्रथम डिस्कवरील विभागांचा तक्ता कोणत्या पद्धतीचा असावा हे ठरवावे लागते. १९८३ मध्ये आलेल्या एमबीआर पद्धतीत फक्त चार मुख्य भाग करता येतात. शिवाय तिच्यात जागेचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्याने ५१२ बाइटांच्या हिशेबाने सुमारे २.२ टीबीच्या पलीकडील जागा तिला दिसतच नाही. ४ टीबीच्या डिस्कवर ही पद्धत वापरली तर जवळपास निम्मी डिस्क वाया जाईल. जीपीटी या नव्या पद्धतीत सामान्यतः १२८ भागांची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी राखलेली असते. नवी उभारणी करताना तीच घ्यावी. (४ टीबीच्या डिस्कवर संगणक सुमारे ३७२५ जीबीच दाखवितो, याबद्दल दुकानदाराशी वाद घालू नये. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, संगणक १०२४ च्या. पुढील आकडे संगणकाच्या मापाने दिले आहेत.)

एसएसडीवर संगणक सुरू होण्यासाठी लागणारा ईएफआय भाग १ जीबीचा आणि ‘बूट’ १ जीबीचा ठेवला आहे. उरलेली सर्व जागा एलव्हीएम या व्यवस्थेच्या स्वाधीन केली असून तीतून ‘रूट’ ला ३० जीबी, ‘व्हार’ ला ३० जीबी, डेटाबेसला १० जीबी, ‘होम’ ला २० जीबी आणि स्वॅपला ४ जीबी दिले आहेत. रॅमच्या दुप्पट स्वॅप ठेवावा हा नियम रॅम महाग होती त्या काळातील आहे. कधीही निद्रिस्त न होणाऱ्या सर्व्हरला तो लागू करण्याची गरज नाही. अशा रीतीने एसएसडीवरील सुमारे १२५ जीबी जागा कोणालाच दिलेली नाही.

हार्ड डिस्कवरही एलव्हीएमच आहे. मूळ संग्रहास १५०० जीबी, घरातील लॅपटॉपच्या प्रतींसाठी १२०० जीबी, आणि जे हरवले तरी पुन्हा उतरवून घेता येईल अशा सामग्रीस ३०० जीबी. येथेही सातशे जीबीहून अधिक जागा मोकळी आहे. पाहुण्यांना हा आराखडा दाखविला की त्यांचा पहिला आक्षेप या मोकळ्या जागेवरच असतो.

भिंत हलविण्याचा प्रश्न

मोकळी जागा ठेवण्याचे कारण असे की आपले अंदाज चुकतात, हे निश्चित असते. कोणत्या दिशेने चुकतील, ते निश्चित नसते. साध्या पार्टिशनमध्ये एक भाग वाढवावयाचा तर त्याच्या लगतची जागा रिकामी असावी लागते. शेजाऱ्याचे शेत मध्ये असताना बांध सरकविता येत नाही. एलव्हीएममध्ये जागा लगतची असण्याची अट नाही. १९९८ च्या सुमारास हाइन्झ माउलस्हागेन यांनी लिनक्ससाठी ही व्यवस्था लिहिली. एचपीच्या यूनिक्समधील तशाच व्यवस्थेचा आदर्श त्यांच्यासमोर होता. तीत डिस्कचे लहान लहान तुकडे कल्पून ते हव्या त्या भागाच्या खात्यात जमा करता येतात.

मात्र खाते वाढविणे आणि त्यातून काढून घेणे यांत फार अंतर आहे. ईएक्सटी-४ या फाइल प्रणालीतील भाग चालू स्थितीत वाढविता येतो; लहान करावयाचा तर तो आधी सुटा करावा लागतो, आणि मध्येच वीज गेली तर सर्वनाशाची भीती असते. एक्सएफएस ही फाइल प्रणाली मोठ्या फाइलींसाठी उत्तम मानली जाते, पण व्यवहारतः ती लहान करता येत नाही असेच धरून चालावे. म्हणून आरंभी प्रत्येकाला कमी द्यावे आणि गरज दिसेल तसे वाढवावे. आरंभीच सर्व जागा वाटून टाकणारा मनुष्य नेमकी अवघड क्रिया भविष्यासाठी राखून ठेवतो.

काही गोष्टी मात्र फॉरमॅट करतेवेळीच ठरतात. ईएक्सटी-४ प्रत्येक फाइलमागे आयनोड नावाची एक नोंद ठेवते. सर्वसाधारणपणे दर १६ केबी जागेमागे २५६ बाइटांची एक, याप्रमाणे या नोंदींसाठी जागा आधीच राखली जाते. म्हणजे प्रत्येक ६४ जीबीमागे १ जीबी. १५०० जीबीच्या संग्रहात सुमारे २३ जीबी जागा अशी अडकते. स्कॅन केलेली पृष्ठे काही एमबींची असतील तर इतक्या नोंदींची गरज नसते आणि प्रमाण कमी करता येते. उलट लाखो लहान फाइली ठेवावयाच्या असतील तर जागा शिल्लक असतानाही नोंदी संपतात आणि ‘डिस्क भरली’ असा गोंधळात टाकणारा संदेश येतो. हे प्रमाण नंतर बदलता येत नाही. दुसरी राखीव जागा पाच टक्क्यांची असते. डिस्क भरली तरी प्रशासकाला आत शिरून साफसफाई करता यावी यासाठी ती असते. ‘रूट’ मध्ये ती जरूर ठेवावी. संग्रहाच्या भागात मात्र १५०० जीबीचे पाच टक्के म्हणजे ७५ जीबी होतात. ते एक टक्क्यावर आणण्यास हरकत नाही, आणि हा बदल केव्हाही करता येतो.

वीज, गोपनीयता आणि एक सापळा

मुलाखती देणाऱ्यांची नावे, विद्यार्थ्यांचे गुण यांसारखी माहिती कूटबद्ध भागात ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु संपूर्ण संगणकच कूटबद्ध केला तर दर वेळी वीज जाऊन आल्यावर कोणीतरी समोर बसून परवलीचा शब्द द्यावा लागतो. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या आपल्या गावांत या अडचणीचे वेगळे वर्णन करण्याची गरज नाही. इन्व्हर्टरची बॅटरीही कधीतरी संपतेच. म्हणून संवेदनशील माहितीसाठी ५० जीबीचा वेगळा भाग करून तेवढाच कूटबद्ध केला आहे. सर्व्हर आपोआप सुरू होतो, हा भाग मात्र गरज असेल तेव्हा हाताने उघडावा लागतो.

येथे एका सापळ्याची नोंद करणे आवश्यक आहे. एखादी डिस्क जोडलेली नसली तरी सर्व्हर सुरू व्हावा म्हणून त्या भागाला ‘नोफेल’ ही सवलत देतात. ती योग्यच आहे. परंतु भाग माउंट झाला नाही तरी ज्या फोल्डरवर तो एरवी जोडला जातो तो रिकामा फोल्डर ‘रूट’ मध्ये उरतोच. रात्री प्रत काढणारा प्रोग्राम येतो, त्याला फोल्डर दिसतो, आणि तो शेकडो जीबींची प्रत निमूटपणे ३० जीबीच्या ‘रूट’ मध्ये ओतू लागतो. यावर उपाय दोन. प्रत काढण्यापूर्वी भाग खरोखर जोडला आहे की नाही हे तपासणारी एक ओळ त्या प्रोग्राममध्ये घालावी. आणि भाग सुटा असतानाच त्या रिकाम्या फोल्डरला काहीही न लिहिता येण्याची खूण करून ठेवावी. तसेच डिस्कची ओळख तिच्या क्रमाने न देता यूयूआयडी या कायम क्रमांकाने द्यावी, कारण नवी डिस्क जोडली की क्रम बदलू शकतो.

देवनागरी नावांची अडचण

इंग्रजी पुस्तकांत सहसा न आढळणारी एक बाब आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ईएक्सटी-४ मध्ये फाइलचे नाव जास्तीत जास्त २५५ बाइटांचे असू शकते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. म्हणजे आपल्या वाट्यास ८५ चिन्हे येतात, आणि त्यांत काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त चिन्ह हे सर्व वेगवेगळे मोजले जातात. ‘स्त्री’ या एका अक्षरात सहा चिन्हे आहेत. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत मर्यादा बाइटांची नसून २५५ चिन्हांची आहे. त्यामुळे शोधनिबंधाचे संपूर्ण शीर्षक हेच फाइलचे नाव म्हणून देण्याची सवय असलेल्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरील फाइली सर्व्हरवर घेताना त्यांतील काही नाकारल्या जातात. शेकडो फाइलींच्या गर्दीत हे लक्षातही येत नाही. लॅपटॉप पुसण्यापूर्वी दोन्हीकडील फाइलींची संख्या जुळवून पाहणे हाच यावर भरवशाचा उपाय आहे. संग्रहाच्या भागासाठी लेखकाने आता आरंभी वर्ष, मग संकलकाचे आडनाव आणि शेवटी दोन-तीन शब्दांचा विषय अशी नावे ठरविली आहेत.

मूळ संग्रहाची दुसरी प्रत ४ टीबीच्या एका बाह्य डिस्कवर असून ती महाविद्यालयातील कपाटात असते. महिन्यातून एकदा ती घरी येते, अद्ययावत होते आणि परत जाते. दर सत्राच्या शेवटी त्या डिस्कवरून एक ध्वनिमुद्रण निवडून ते वेगळ्या संगणकावर ऐकून पाहिले जाते. सर्व्हरच्या कॅबिनेटच्या आतील बाजूस विभागांचा तक्ता, प्रत्येक भागाचा आकार, त्यात काय आहे आणि प्रत कोठे आहे, असा मराठीत लिहिलेला कागद चिकटविला आहे. आकडे पेन्सिलीने लिहिले आहेत. यापुढे संगणक दुरुस्त करावयास जो कोणी येईल, त्याने घरच्यांना काही विचारण्याआधी तो कागद वाचावा, एवढीच अपेक्षा आहे.